उजव्या हाताचा हेतू

उमरग्यात महांतप्पा बिराजदार सरांना न ओळखणारा माणूस म्हणजे एक तर पाळण्यातलं पोर, नाहीतर कालच बदलीवर आलेला कारकून. चौतीस वर्षं त्यांनी बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक शेताकडं बघतात, नातवंडं खेळवतात, झालंच तर सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. सरांनी पुस्तक लिहायला घेतलं. नाव ठरलं होतं, ‘निर्हेतुक विश्व’.

पुस्तकाचं म्हणणं सोपं होतं. जगात कणांशिवाय काही नाही आणि कणांना कशाचीच पडलेली नाही. सूर्य ज्वारी पिकावी म्हणून तापत नाही. तो तापतो, आणि ज्वारी पिकते. काळीज रक्त खेळवण्यासाठी धडधडत नाही. ते धडधडतं, आणि रक्त खेळतं. ‘साठी’ हा शब्दच माणसानं घुसडलेला आहे. हे सिद्ध करण्यासाठी सर पहाटे पाचला उठत, गार पाण्यानं आंघोळ करत आणि नऊपर्यंत टेबलावरून हलत नसत. सात वर्षांत चारशे पानं झाली होती. जगात कशालाच हेतू नाही हे सांगण्याच्या हेतूनं हा माणूस सात वर्षं झोपमोड करून घेतोय, यातली गंमत घरात एकट्या त्यांच्या बायकोला, इरम्मांना, कळत होती. पण त्यांना सकाळी धारा काढायच्या असत, देवपूजा असे, भाकऱ्या असत. त्या दाराशी येऊन एवढंच म्हणायच्या, “हेतू नसंल तर नसू द्या. भाकरी गार व्हायलीय.”

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, एके सकाळी सरांच्या हातातून पेन गळून पडलं. पेनातच काहीतरी बिघाड असावा असं सरांना वाटलं. त्यांनी दुसरं घेतलं. तेही पडलं. तिसऱ्याच्या वेळी ते स्वतःच खुर्चीवरून कलले, आणि चहा घेऊन आलेल्या इरम्मांना नवऱ्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं. शेजाऱ्यांची जीप काढून सोलापूर गाठलं. अकरा दिवस दवाखान्यात काढून सर घरी आले तेव्हा पाय फरफटत का होईना चालत होता, जीभ जड झाली होती, आणि उजवा हात मात्र दोरीला अडकवलेल्या ओल्या टॉवेलासारखा लोंबत होता.

मग भेटायला माणसं लोटली. आल्यागेल्याच्या तोंडी एकच वाक्य, सरांच्या अंगावरून वारं गेलं. सरांना हे ऐकून आजारापेक्षा जास्त त्रास होई. वारं बिरं काही नसतं, मेंदूच्या नळीत रक्ताची गुठळी अडकते, हे त्यांना ओरडून सांगायचं असे. पण जिभेतून निघायचा तो नुसता घोगरा आवाज, आणि तो ऐकून बायका पदर डोळ्यांना लावायच्या. गुठळी का अडकली याची उत्तरं प्रत्येकानं घरूनच आणली होती. कुणी म्हणालं, कुलदैवताला जाणं राहिलंय. कुणी म्हणालं, मागच्या जन्मीचं देणं. एक चुलतभाऊ तर म्हणाला की घराचा जिना चुकीच्या दिशेला आहे. जिना बेचाळीस वर्षांचा होता. एवढी वर्षं तो बहुधा संधी शोधत असावा.

शेवटी आले ज्ञानोबा. हे निवृत्त ग्रामसेवक. नोकरीत असताना यांची गाठ पडणं दुर्मिळ. निवृत्त झाल्यावर मात्र ते सगळ्या ज्येष्ठ नागरिकांच्या मोबाइलवर रोज पहाटे सुविचारासकट हजर होत. सरांशी त्यांचा देवावरून वीस वर्षांचा वाद होता. त्यांनी खुर्ची पलंगाला लावली, आवाज खाली आणला आणि विचारलं, “सर, त्या घटकेला काही दिसलं का तुमाला?”

सरांना दिसला होता दवाखान्याच्या छतावरचा दिवा. रात्रंदिवस जळणारा, डोळ्यांवर येणारा. तेवढंच त्यांनी सांगितलं, दिवा दिसला. पण जड जिभेनं ‘दि’चा ‘दे’ केला आणि शेवटचा ‘वा’ अर्धा गिळला. ज्ञानोबांचे डोळे भरून आले. त्यांनी सरांच्या पायावर डोकं ठेवलं आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. ज्ञानोबा न बोलता गेले याचाच सरांना संशय यायला हवा होता.

इरम्मांनी सरांना व्यायामासाठी शाहिस्ताकडं न्यायला सुरुवात केली. शाहिस्ता सरांचीच विद्यार्थिनी. फिजिओथेरपी शिकून तिनं हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर दवाखाना थाटला होता. लिफ्ट नव्हती. जो रुग्ण जिना चढून वर पोचला तो निम्मा बरा झालेलाच असे, त्यामुळं तिच्या हाताला यश आहे असं गावात बोललं जाई. बारावीच्या प्रॅक्टिकलला सरांनी तिला तीसपैकी अठ्ठावीस दिले होते, आणि ते दोन का कापले हे ती अजून विसरली नव्हती.

तिनं सरांना तपासलं, बोटं वाकवून बघितली, आणि एक छापील कागद पुढं ओढला. नाव, वय, रक्तदाब लिहून झालं. मग तिनं विचारलं, “सर, उद्दिष्ट काय लिहू?”

एवढ्या दिवसांत सरांची जीभ बरीच सुटली होती, आणि सुटल्या सुटल्या तिला हा विषय मिळाला. त्यांनी सावकाश, एकेक शब्द तोडत सांगितलं की विश्वात उद्दिष्ट नावाची गोष्ट नसते.

“विश्वाचं नाही विचारत सर,” शाहिस्ता म्हणाली. “उजव्या हाताचं विचारते.”

सरांनी तो रकाना रिकामा ठेवायला लावला. व्यायाम करू, म्हणाले, पण तत्त्व सोडणार नाही. पंधरा दिवस ते रोज आले. हात टेबलावर ठेवायचा, पुढं सरकवायचा प्रयत्न करायचा, तो सरकायचा नाही. शाहिस्ता सांगे की सर, मन लावा. सर म्हणत की मन ही स्वतंत्र वस्तू नाही. असं करता करता महिना संपला आणि हात होता तिथंच राहिला. बाकीचे रुग्ण सुधारत होते. दुसरीसुद्धा न शिकलेल्या एका म्हाताऱ्याचा हात खांद्याच्या वर जायला लागला, हे बघून सरांना वाईट वाटलं. कणांच्या एका ढिगाला दुसऱ्या ढिगाचं इतकं वाईट वाटण्याचं कारण त्यांच्या चारशे पानांत कुठं नव्हतं.

एके दिवशी त्यांनी सगळा राग शाहिस्तावर काढला. तुझं शास्त्र कच्चं आहे, असं म्हणाले. शाहिस्तानं ऐकून घेतलं. मग ती समोर बसली.

“सर, राग मानू नका. पण तुमच्या हिशोबानं तुमचा हात बिघडलेलाच नाही. रक्त थांबलं, पेशी मेल्या, हात लुळा पडला. सगळं नियमाप्रमाणं झालं. एक नियम मोडला नाही. बिघडला म्हणायचं तर तो हात कशासाठी होता हे आधी म्हणावं लागतं. ते तर तुम्ही म्हणू देत नाही. मग तुम्ही इथं कशासाठी येता?”

चौतीस वर्षांत वर्गात त्यांना असं कुणी अडवलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “इरम्मा आणती म्हणून.”

शाहिस्ता हसली नाही, हा तिचा मोठेपणा. तिनं टेबलावर स्टीलचा रिकामा ग्लास ठेवला. नुसता हात सरकवू नका, म्हणाली, या ग्लासाला ढकला. अशा दुखण्यात हाताला नुसतं हल म्हटलं तर तो कमी ऐकतो. काम सांगितलं तर जास्त ऐकतो, असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. सरांनी तुच्छतेनं ग्लासाकडं बघितलं आणि ढकलला. ग्लास सरकला. जरासाच, पण त्याचा टेबलावर घासल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सरांनी पट्टी मागितली.

नुसता हात सरकवला तर दोन सेंटीमीटर. ग्लास ढकलायचा म्हटलं तर पाच. सरांचा विश्वास बसेना. एकदा होतं ते योगायोगानं होतं, असं त्यांनी हजारो पोरांना शिकवलेलं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग ग्लास बदलून बघितला, बसायची जागा बदलून बघितली. ग्लासाजागी डबा. डब्याजागी इरम्मांची पिशवी. दुसऱ्या दिवशी ते वेळेआधी अर्धा तास हजर. पंधरा दिवसांत त्यांनी हा प्रयोग दोनशेच्या वर वेळा केला, केवळ शाहिस्ताचं म्हणणं खोटं पाडायला. आकडे दर वेळी तिच्याच बाजूनं पडत. तिनं काही वाद घातला नाही. दोनशे वेळा हात चालला, हे तिला पुरेसं होतं. महिनाभर विनवण्या करून जो व्यायाम झाला नाही तो सरांनी तिला हरवण्याच्या नादात फुकट करून टाकला. बोटं मिटायला लागली. मनगट उचलायला लागलं.

आणि मग महाशिवरात्र आली. गावातल्या एका साप्ताहिकानं खास अंक काढला. त्यात मधल्या पानावर ज्ञानोबांचा लेख होता, सरांच्या फोटोसकट. मथळा, ‘नास्तिक शिरोमणीस देवदर्शन’. मृत्यूच्या दारात बिराजदार सरांना देव दिसला, त्यांनी तो स्वतःच्या तोंडानं मला सांगितला, आणि विश्वाला हेतू आहे हे आता त्यांनी मान्य केलं आहे, असं दोन रकाने भरून लिहिलं होतं. दुपारपर्यंत तो लेख सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. जुने विद्यार्थी फोन करून अभिनंदन करायला लागले. एकानं तर पुण्याहून विचारलं, सर, कोणता देव दिसला?

सरांनी ज्ञानोबांना बोलावून घेतलं आणि शक्य तेवढं स्पष्ट सांगितलं की दिवा दिसला होता, दिवा. ज्ञानोबांनी हात जोडले. दिवा म्हणजे ज्योत आणि ज्योत म्हणजे तोच की, असं म्हणाले. खुलासा छापा म्हटल्यावर मात्र त्यांच्यातला ग्रामसेवक जागा झाला. “तुमी बोलून दिल्यालं कुणी मानायचं न्हाय, सर. लोक म्हणतील दुसऱ्यानंच लिवलं. तुमच्या हस्ताक्षरात द्या, सहीनिशी. छापून आणायची जबाबदारी माजी.”

सरांचं हस्ताक्षर उमरगा तालुक्याला ठाऊक होतं. फळ्यावरचं ते ठसठशीत वळण बापांनी बघितलं होतं आणि लेकांनी बघितलं होतं. डाव्या हातानं गिरवलेलं कुणी मानलं नसतं. दुसऱ्या दिवशी सर दवाखान्याचा जिना चढून आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच शाहिस्ताला म्हणाले, “तो रकाना भर. एक पत्र लिहायचंय.”

एक पत्र लिहायला सव्वीस दिवस गेले. जाड पेन, त्याभोवती गुंडाळलेलं फडकं, कागद टेबलाला चिकटवलेला. पहिला आठवडा नुसत्या उभ्या रेघांत गेला. ‘म’ला गाठ बसायची नाही, ‘श्व’ तर फुटून सांडायचा. सरांच्या कपाळावर घाम यायचा, मान अवघडायची, संध्याकाळी हात ठणकायचा. इरम्मा रात्री तेल लावताना बघायच्या की नवरा झोपेतसुद्धा बोटं हलवतोय. त्यांनी एकदाच विचारलं की एवढं कशापायी करायलाव. सर म्हणाले, सत्यापायी. इरम्मा म्हणाल्या की सत्य बिचारं कुठं जातंय, ज्ञानोबाला खाली बघायला लावायचंय असं सरळ म्हणा की. सर भिंतीकडं वळून झोपले.

पत्र तीन ओळींचं झालं. ‘मला देव दिसलेला नाही. दवाखान्यातील दिवा दिसला. विश्वाला हेतू नाही. महांतप्पा बिराजदार.’ अक्षर थोडं कापरं होतं, पण वळण तेच. खोडाखोड एकही नव्हती.

ज्ञानोबांनी शब्द पाळला. पुढच्याच अंकात पत्र जसंच्या तसं छापून आलं, हस्ताक्षराच्या फोटोसकट. वर संपादकांनी स्वतःचा मथळा दिला होता, ‘ईश्वरकृपेने सरांचा लुळा हात पुन्हा लिहिता झाला’. त्या दिवशी ज्ञानोबा पेढे घेऊन आले. सरांनी एक पेढा घेतला, उजव्या हातानं, आणि खाल्ला. आणखी काय करणार?

यानंतर खरी अडचण आली. हात आता चालत होता, तेव्हा शेवटचं प्रकरण पुरं करायला हरकत नव्हती. सर पहाटे उठून टेबलाशी बसले. लिहायचं वाक्य सात वर्षांपासून तयार होतं, की हेतू हा निव्वळ भ्रम आहे. ‘हेतू हा’ एवढं लिहून झालं आणि पेन थांबलं. या खेपेला हात नीट होता. सर स्वतःच्या बोटांकडं बघत बसले. या बोटांना सव्वीस दिवस कुणी ओढलं होतं? भ्रमानं? भ्रम जर रक्ताच्या वाटा बदलत असेल, मेलेल्या पेशींच्या शेजारच्या पेशींना कामाला लावत असेल आणि पट्टीवर पाच सेंटीमीटर दाखवत असेल, तर त्याला भ्रम म्हणण्यात काय राहिलं? उद्या म्हणावं लागेल की गुरुत्वाकर्षणही मनाचे खेळ. चार दिवस ते असे बसून उठले. इरम्मांना वाटलं, पुन्हा काही अडकलं बहुतेक. पाचव्या दिवशी त्यांनी तीन वाक्यं लिहिली. विश्वाला हेतू नाही. माझ्या हाताला आहे. आणि माझा हात विश्वातच आहे. मग त्यांनी वही मिटली. मागची चारशे पानं आता काय करायची, हा प्रश्न होता. खोटी होती असं म्हणवत नव्हतं, आणि खरी म्हणायची तर ही तीन वाक्यं आड येत होती.

हे त्यांनी शाहिस्ताला सांगितलं. त्यांना वाटलं होतं ती जिंकल्यासारखी हसेल. तिला वेळच नव्हता. समोर कमलबाई नावाची एक म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, सोलापुरात ऑपरेशन झालेलं, हाड जुळलेलंही. पण बाई पाय उचलायला तयार नाही. पोरांनी खुर्चीत घालून जिन्यावरून वर आणलेली. शाहिस्तानं आठ दिवस समजावलं, पोरं रडली, सुना पाया पडल्या. बाईंचं एकच उत्तर, माझं आता सरलं, चालून कुठं जायचंय.

सरांनी स्टूल ओढलं आणि तिच्यापाशी बसले. हा माणूस धीर देणार असं वाटून पोरं जरा बाजूला झाली. सर म्हणाले, “बाई, खरं सांगतो. वरनं कुणी बघत नाही. तुम्ही चाललात काय नि बसलात काय, सूर्याला फरक पडत नाही.”

पोरांची तोंडं उतरली. कमलबाईंनी मात्र पहिल्यांदा मान वळवली. बरे व्हाल, देव आहे, असं सांगणाऱ्यांना त्या कंटाळल्या होत्या.

“म्हणून म्हणतो,” सर पुढं बोलले, “तिकडून काही यायचं नाही. तुमचं तुम्ही सांगा. कुणाच्या दारात जायचं राहिलंय?”

कमलबाईंनी पदर सावरला. जाऊ आहे, म्हणाल्या, अयोध्या. दोन घरं सोडून राहते. चाळीस वर्षं एका चुलीवर काढली, आणि मी मरता मरता वाचले तरी ती बघायला आली नाही. सगळा गाव येऊन गेला, ती आली नाही.

“मग?”

“मग काय. तिच्या उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊन तिला च्यार शब्द सुनवायचेत. खुर्चीत बसून न्हाय. हुबं ऱ्हाऊन.”

शाहिस्तानं कागद ओढला आणि उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलं, जावेचा उंबरा. त्याच दिवशी कमलबाईंनी सहा पावलं टाकली. सहा आठवड्यांत काठी धरून जिना उतरल्या. प्रत्येक पावलागणिक त्या जावेला सुनवायच्या वाक्यांची घोकणी करत, आणि ती वाक्यं अशी होती की टायरच्या दुकानातली माणसं हातातलं काम टाकून ऐकत.

ठरल्या दिवशी सर त्यांच्या गावी गेले. निरीक्षणासाठी, असं त्यांनी इरम्मांना सांगितलं. इरम्मांनी तेही खरं मानून घेतलं. कमलबाई दोन घरं ओलांडून, तीनदा थांबत, जावेच्या दारात पोचल्या. काठी आपटून हाक मारली. आतून आवाज आला, ये की, दार उघडंच हाय. अयोध्याबाई बाजेवर पडलेल्या होत्या. दोन्ही गुडघे सुजून भोपळ्यासारखे झालेले. कमलबाई दवाखान्यात गेल्या त्याच आठवड्यात त्या परसात पडल्या होत्या, आणि तेव्हापासून वाट बघत होत्या, की मोठी जाऊ ऑपरेशन होऊन आली, उमरग्याला जाऊन येते म्हणतात, मला बघायला कशी येत नाही. सुनांना आणि गावाला सगळं ठाऊक होतं. पण दोघींच्या भांडणात पडायचं नाही, असं त्यांनी शहाणपणानं ठरवलेलं.

कमलबाई उंबऱ्यात काठीवर रेलून उभ्या राहिल्या. सरांना वाटलं, आता या रडतील, गळ्यात पडतील. त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि पाठ केलेलं सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता बोलून गेल्या. एवढं चालत आल्यावर तसंच माघारी जायचं का, असं त्यांनी नंतर सरांना विचारलं. बोलून झाल्यावर आत जाऊन त्या बाजेवर टेकल्या, जावेच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

मंगळवारी अयोध्याबाईंना खुर्चीत घालून जिन्यावरून वर आणलं. सरांनी स्टूल ओढलं, कागद मांडीवर घेतला, उजव्या हातात पेन धरलं आणि विचारलं, बाई, तुम्हाला कुठं जायचंय.

“तिच्या घरी,” अयोध्याबाई म्हणाल्या. “ती बोलून गेली. म्या आजून उत्तर दिल्यालं न्हाय.”